पंगतीतून उठवलेलं मूल

धार,
आषाढ वद्य द्वितीया (१२ जुलै २०२५)

राजमान्य राजश्री शिवाजीराव यांसी,
नीलकंठाचा सप्रेम नमस्कार.

तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. ती फोनवर करण्यासारखी नाही, म्हणून टपालाने करतो.

परवा गुरुपौर्णिमेला मी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर चांगला लांबलचक संदेश पाठवला. त्यात इंदूरच्या वसतिगृहातली आपली खोली होती, आपल्या गुरुजींची मोडकी छत्री होती, शेवटी एक श्लोक होता आणि तो मी स्वतः रचला होता. उत्तरादाखल तुमच्याकडून एक पिवळा अंगठा आला. आमचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते. त्यांच्या काळी अंगठा तो मनुष्य उमटवी ज्याला सही येत नसे, आणि त्यालाही थोडा संकोच वाटे. तुम्ही एम.ए. आहात.

अर्थात आता तुम्ही मोठे झालात. बँकेतून मोकळे होऊन वर्ष झालं नाही तोच ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसता, मांडीवर शेव-परमलची, शुद्ध मराठीत शेव-कुरमुऱ्यांची, ताटली घेता आणि देवीच्या टेकरीखाली राहता म्हणून ‘टेकरीखालून’ अशा नावाने व्हिडिओवर मिनिटभर जगाचा समाचार घेता. दोन लाख माणसं ते पाहतात असं ऐकतो. एवढ्यांतली निम्मी देवासात राहत असती तर तुम्ही नगरसेवकाची निवडणूक हरला नसता.

आमच्याकडे माई सकाळी देवपूजेच्या आधी तुम्हाला पाहते. पूर्वी मी देवळातला अभिषेक आटोपून आलो की तिथी आणि त्यावरची माझी एखादी टिप्पणी ती माझ्या तोंडून ऐकायची. आता हात वर करून म्हणते, थांब, शिवाचं होऊ दे. माझी जन्मदात्री आहे, म्हणून काही बोलत नाही.

माझेही श्रोते आहेत. आमच्या कुटुंबाच्या गटात मी रोज पहाटे तिथी-नक्षत्र टाकतो आणि खाली देशाच्या परिस्थितीवर एक ओळ. सेहेचाळीस माणसं आहेत. पंचेचाळीस म्हणायला हवं, कारण आमच्या चिरंजीवांना, श्रेयसला, मी चैत्रात काढलं. ती गोष्ट तीन वेगवेगळ्या प्रकारे फिरते आहे, म्हणून मूळ पाठ देऊन ठेवतो.

कोणा परदेशी विद्यापीठाने संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवली, असा एक मजकूर मी गटात पुढे ढकलला. श्रेयसने त्याखाली हिंदीत लिहिलं की हे खोटं आहे, आणि पुरावा जोडला. तो इंदूरला संगणकाच्याच कंपनीत आहे, त्याला बोलण्याचा अधिकार होता, आणि तेच मला लागलं. तेवढ्यात मनावर गावाहून आमचे मोरोपंतमामा वादात उतरले. त्यांना पाऊस लांबला तरी त्यात विरोधी पक्षाचा हात दिसतो. त्यांनी श्रेयसला विचारलं की तुला कोणत्या पक्षाकडून पगार मिळतो. श्रेयसने उत्तर दिलं. दुपारपर्यंत त्या गटात गेल्या चार निवडणुका पुन्हा लढवून झाल्या. कोणाला तरी थांबवणं भाग होतं. मामांना काढता येत नाही, ते मामा आहेत. पंगतीत पान कमी पडलं तर आपण आपलंच मूल आधी उठवतो, पाहुण्याला नाही. मी तेवढंच केलं.

तेव्हापासून तो आजीला रोज फोन करतो आणि मला करत नाही.

असो. अंगठ्याबद्दल लेखी खुलासा यावा.

तुमचा,
नीलकंठ

•

देवास,
२३ जुलै

अरे पंडित,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन हातात देताना हळूच विचारत होता, साहेब, कोर्टाचा कागद आहे का? आजकाल हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट म्हटलं की लोकांना वकीलच आठवतो.

अंगठ्याचं असं झालं की त्या दिवशी तीनशे संदेश आले होते आणि मी सगळ्यांना एकच प्रसाद वाटत सुटलो. तुझा श्लोक मागाहून वाचला. चांगला आहे. दुसरी ओळ बकुळालाही समजली, म्हणजे बघ.

बाकी भिया, जळल्याचा वास धारहून इथपर्यंत आला हं. मोठेपणाचं मला विचार. भाजीबाजारात लोक माझ्याबरोबर सेल्फी काढतात आणि कोथिंबीर त्याच भावाने देतात. परवा एका उमेदवाराचा माणूस मिठाईचा डबा घेऊन आला, म्हणाला, दादा, आमच्या साहेबांबद्दल दोन शब्द. मी म्हटलं, दोन शब्द आहेत, पण कॅमेऱ्यापुढे म्हणता येत नाहीत. डबा तेवढा ठेवून घेतला. आमची वैभवी सासरी गेलीय, तिथे तिला सगळे ‘टेकरीवाल्यांची मुलगी’ म्हणतात. ती फोनवर माझ्याशी आठवडाभर तुटक बोलत होती.

व्हिडिओ बकुळा काढते. तिला म्हटलं, नीलकंठ नावं ठेवतोय. ती म्हणाली, भावजींना इकडेच बोलवा, दोघं मिळून बोला, तेवढंच माझं जेवणाच्या वेळेचं वटवट ऐकणं वाचेल.

श्रेयसचं मनावर घेऊ नकोस. पोरगं आहे. आणि इंदूर तुझ्या-माझ्या मधोमध. आज ना उद्या गाडी वळेलच.

शिवाजीराव

•

धार,
श्रावण शुद्ध एकादशी (५ ऑगस्ट)

शिवाजीराव,
स. न. वि. वि.

खुलासा मिळाला. तो दप्तरी दाखल करून घेतला आहे, मान्य केलेला नाही. आता त्याहून मोठा गुन्हा पुढे आला आहे.

गेल्या मंगळवारी एका पुढाऱ्याने दीड वर्षात तिसऱ्यांदा पक्ष बदलला. त्यावर मी आमच्या गटात लिहिलं: ‘आपल्या बसस्टँडवर इंदूरची समजून राजगढच्या बसमध्ये चढलेला मनुष्यसुद्धा उतरताना थोडा ओशाळतो.’ खाली तीन आत्यांनी हात जोडले. परवा रविवारी तुम्ही ताटलीतली शेव निवडत, जणू आत्ताच सुचलं अशा चेहऱ्याने, हेच वाक्य बोललात. सत्तर हजार लोक हसले. मी मोजत नाही, पण तो आकडा पडद्यावरच लिहिलेला असतो.

राजगढची बस धारच्या स्टँडवर लागते. ती पुढे सरदारपूरकडे जाते. देवासच्या माणसाला ती स्वप्नातसुद्धा दिसायचं कारण नाही. मग मागचे व्हिडिओ तपासले. त्या नटनटीने घटस्फोट जाहीर करून लोकांकडे एकांत मागितला, तेव्हा ‘ज्यांनी हळदीचा गडूसुद्धा जगाला दाखवला त्यांनी आता दार लावून घ्यायला सांगावं’ हे माझं. वाढदिवसाच्या फलकावर पुढाऱ्यापेक्षा शुभेच्छुक जास्त असतात, हेही माझं. तुम्ही आमच्या गटात नाही. मग या ओळी देवासला कशा पोहोचतात? मोरोपंतमामांवर माझा संशय आहे. ते तुमचे चाहते आहेत आणि माझे नाहीत.

माणसाने तुलना करू नये असं मी वर्गात तीस वर्षं शिकवत आलो. म्हणून स्वतःच एक व्हिडिओ करून पाहिला. फोन ताम्हनाला टेकवून उभा केला आणि विषय नीट मांडला, प्रस्तावना, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, असा. नऊ मिनिटं झाली. आठवड्यात एकोणचाळीस वेळा पाहिला गेला. त्यांतल्या तीस वेळा मीच पाहिला असावा. माईने एकदा पाहिला आणि म्हणाली, चांगलं आहे, पण शिवा मधे खातो ना, ते बरं वाटतं.

आज पुत्रदा एकादशी. ज्यांना मुलगा हवा ते उपास करतात. ज्यांच्याकडे आहे त्यांनी काय करावं, ते ग्रंथांत दिलेलं नाही. मी श्रेयसला गटाचं निमंत्रण पाठवलं. त्याने काही कुलूप घातलं आहे, त्यामुळे थेट आत घेता येत नाही, दुवा पाठवावा लागतो. तीन दिवसांत स्वीकारला नाही तर तो शिळा होतो अशी सूचना असते. आमच्याकडे नैवेद्याला सुद्धा एवढी कडक मुदत नाही.

नीलकंठ

•

देवास,
१८ ऑगस्ट

पंडित,

चोरीचा आरोप साफ नाकबूल. राजगढ काय एकट्या धारवाल्यांचं आहे? ब्यावराकडचंही एक राजगढ आहे आणि तिकडची बस देवासहूनच जाते. म्हणजे मीही चुकून तीत चढू शकतो आणि मीही ओशाळू शकतो. दोन शहाण्या माणसांना एकच गोष्ट सुचली, यात खटला कसला?

बरं, सुचली कुठून ते जाऊ दे. लोक हसले ना? वाक्य तुझं असेल तर सत्तर हजार लोक तुझ्या वाक्याला हसले. आणि तुझं नसेल तर तुला वाईट वाटायचं कारणच नाही. हे तुझ्याच पूर्वपक्ष-उत्तरपक्षातलं, वसतिगृहात तूच शिकवलेलं.

तुझा व्हिडिओ आम्ही पाहिला. सगळ्यांनी. नऊच्या नऊ मिनिटं. मधे तू चष्मा शोधतोस आणि तो कपाळावर असतो, तिथे आमच्याकडे पाणी नाकात गेलं. पण बोललास छान. खरंच.

एक सांगतो, राग मानू नकोस. दुवा-बिवा पाठवून काय होतं रे? फोन उचलायचा, नाव दाबायचं, आणि म्हणायचं, काय रे, जेवलास का? इंदूरला बाहेरचं खाऊन पोरं वाळतात. श्रेयसही वाळला असेल.

गणपती जवळ आले. यंदा आमच्याकडे मूर्ती जरा मोठी आणतोय. दोन लाख लोक बघणार म्हणताना बकुळाने पडदेसुद्धा धुतले.

शिवाजीराव

•

धार,
भाद्रपद शुद्ध एकादशी (३ सप्टेंबर)

शिवाजीराव,

या वेळी मायना घालत नाही. सुचत नाही.

गणपतीला श्रेयस आला नाही. आजीला म्हणाला की कंपनीने रजा दिली नाही, रविवारीसुद्धा काम आहे. माईने तरी त्याच्या नावाचं पान वाढलं आणि मग ते मलाच खायला लावलं. एकवीस मोदकांतले सात त्याच्या वाट्याचे होते.

रविवारी रात्री तुमच्या घरची आरती पाहिली. मूर्ती सुबक आहे. पडदेही पाहिले. तुम्ही ताम्हन धरलं होतं आणि बकुळावहिनी तुमच्या शेजारी टाळ वाजवत उभ्या होत्या. म्हणजे फोन दुसऱ्या कोणाच्या हातात होता. आरत्या झाल्या, तुम्ही मोरयाचा गजर केलात, टेकरीच्या देवीचा केलात, सगळे थांबले. आणि मग फोनच्या मागून एकच आवाज आला: धारेश्वर महाराज की जय. कोणी साथ दिली नाही, कारण देवासात तो गजर कोणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. तुम्ही चपापून फोनकडे पाहिलंत आणि हसलात. मागचाही हसला.

तो गजर आमच्या घरचा आहे. आजोबांपासून आरती संपल्यावर शेवटी एक धारेश्वराचा होतो. लहानपणी श्रेयस तो म्हणण्यासाठी पाटावर चढायचा, कारण शेवटचा गजर घरातल्या सगळ्यांत लहान माणसाने करायचा असतो.

बकुळावहिनींचा आवाज हल्ली घोगरा झाला आहे की काय, असं विचारणार होतो. विचारत नाही.

पंगतीतून उठवलेलं मूल दुसऱ्या पंगतीला बसतं. ती आपल्याच घरातली दुसरी पंगत असते, असं मी धरून चाललो होतो. तुमच्याकडे त्याचं पान आधीच मांडलेलं होतं, आणि तुम्ही मला महिनाभर राजगढच्या बस मोजायला लावल्यात. चाळीस वर्षांचे मित्र आहात. मला तुमच्या दोन लाखांची असूया वाटते असं तुम्हाला वाटलं, आणि मीही तसंच वाटू दिलं. त्या दोन लाखांतला एक माझा होता.

उत्तराची घाई नाही.

नीलकंठ

•

देवास,
११ सप्टेंबर

नीलकंठ,

घाई नाही म्हणालास तरी बकुळा रोज विचारत होती, लिहिलं का. लिहायला बसलो की हात अडायचा. आता जे आहे ते लिहितो.

श्रेयस वैशाखापासून दर रविवारी आमच्याकडे येतो. पहिल्यांदा आला तेव्हा ओट्यावर बसून पोहे खाल्ले, वरून जिरावणाचा मसाला जास्त टाकून. मी समोरच्या रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल काहीतरी बडबडत होतो, त्याने फोन काढला आणि रेकॉर्ड केलं. तिथून सुरू झालं. ‘टेकरीखालून’ हे नावही त्याचंच. बकुळा व्हिडिओ काढते हे मी खोटं लिहिलं. तिला तर फोन उलटा धरायची सवय आहे.

तुझ्या ओळी तोच आणतो. मी विचारलं, कुठून सुचतं रे तुला? आधी नुसता हसला. दोन-तीन आठवड्यांनी म्हणाला की माई रोज सकाळी पाठवते. तू गटात टाकतोस आणि माई ते त्याला पुढे ढकलते. मामांवरचा संशय काढून घे. चोर तुझ्या घरातच आहे आणि देवपूजेला बसलेला आहे. तिथी पण येते हो त्यात. आषाढी एकादशी रविवारी आली, तर पोराने आमच्याकडे शेव-परमलला हात लावला नाही.

तुला सांगू नका असं त्याने आधी सांगितलं होतं. म्हणाला, बाबा म्हणतील वाक्य चोरलं. तू अगदी तेच म्हणालास, तेव्हा मला हसू आलं आणि भीतीही वाटली. म्हणून ते ब्यावराचं राजगढ काढलं. चूक झाली. मी त्याला धाडायला हवं होतं तुझ्याकडे, आणि मी त्याला ठेवून घेतलं. का, ते विचारशील तर वैभवी गेल्यापासून रविवारी घर खायला उठतं. एवढंच.

तुझं पत्र मी त्याला दाखवलं नाही. पण पंगतीचं सांगितलं, की तुझ्या बाबांनी घरचं मूल म्हणून आधी तुला उठवलं. त्यावर तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो, हिंदीतच: “काकाजी, निकाला तब भी कुछ बोले नहीं, बुलाया तब भी कुछ बोले नहीं. लिंक भेज दी. एक फोन तो करते.”

बकुळाने त्याला आणखी पोहे वाढले.

आता तू ये. नवरात्रात ये. टेकरीवर जत्रा असते, गर्दीत दोन माणसं गप्प उभी राहिली तरी वाईट दिसत नाही. मधल्या रविवारी, अठ्ठावीस तारखेला. तो असेल. तू येणार हे त्याला सांगू की नको, ते तू कळव.

शिवाजीराव

•

धार,
आश्विन शुद्ध प्रतिपदा, घटस्थापना (२२ सप्टेंबर)

शिवा,

तुझं पत्र माईला वाचून दाखवलं. चोर म्हटल्यावर तिने फोन पदराखाली घेतला आणि म्हणाली की तू त्याला गटातून काढलंस, मी कुठे काढलं होतं. मग म्हणाली, तू एवढं गमतीचं लिहितोस तर पोरासमोर तोंड का शिवून बसतोस. मी म्हटलं की संध्येची वेळ झाली.

तुझ्यावरचा राग गेला. पूर्ण गेला असं लिहिलं तर तुला खोटं कळेल, पण टपालखर्चापुरता गेला. रविवारी घर खायला उठतं, हे वाक्य वाचल्यावर तुझ्याशी भांडायला मला पूर्वपक्ष उरला नाही. आमच्याकडे ते बाकीचे सहा दिवसही उठतं. त्याची आई होती तोवर तो आणि मी तिच्यामार्फत बोलायचो. ती गेल्यावर माईमार्फत. आता कळलं की गेले पाच महिने दोन लाख लोकांमार्फत बोलत होतो. मधलं माणूस नसलं की आमचं दुकान बंद.

फोन केला मी. म्हणजे नाव काढलं, दाबलं, आणि पहिली घंटा वाजण्याआधी कापला. असं तीनदा झालं. वर्गात तीस वर्षं बोललो, देवळात अजून बोलतो, आणि ‘काय रे, जेवलास का’ एवढं वाक्य मला तोंडातून काढता येत नाही. तू ते इतकं सहज लिहिलंस की वाचून पुन्हा हेवा वाटला. त्याच्या पोह्यांत जिरावण जास्त लागतं, हे मला तुझ्या पत्रातून समजावं, याचाही वाटला. मी त्याचा बाप आहे आणि मला वाटत होतं की त्याला तिखट चालत नाही.

काल सर्वपित्री झाली. तर्पणाला बसलो. वडील, आजोबा, पणजोबा, अशी नावं घेत खाली आलो. शेजारी त्याचा पाट सवयीने मांडला होता, तो मागाहून उचलला.

अठ्ठावीसला येतो. माईही येते म्हणते आहे, तिला तुझी वेताची खुर्ची प्रत्यक्ष बघायची आहे. मी येणार हे श्रेयसला सांगून ठेव. लपवू नकोस. त्याला उगीच गाठलं असं व्हायला नको. त्यानंतर तो आला तर मी जेवलास का असं विचारीन, आणि ते वाक्य अडलं तर तू मधे पडू नकोस, अडू दे. व्हिडिओ काढायचा नाही.

आता जे लिहायचं होतं ते लिहितो. तुझ्या आरतीतला तो शेवटचा गजर मी रोज ऐकतो. सगळे थांबल्यावर तो एकटा धारेश्वर म्हणाला. मी पाहत असेन हे धरून त्याने मुद्दाम म्हटलं असेल, तर रविवारचं मला काही भय नाही. पण नुसतं सवयीने तोंडातून गेलं असेल, तर सवय सुटते. पुढच्या गणपतीला तुमचे गजर संपले की तोही तिथेच थांबेल. ऐकून ऐकून मला त्यातलं काय खरं ते ठरवता येत नाही, आणि त्याला विचारायची भीती वाटते.

नीलकंठ